फिरणारं आणि वाहून जाणारं

माझ्या गॅलरीच्या कट्ट्यावर लोणच्याची एक जुनी काचेची बरणी आहे, पाच किलोची. तळाला बोटभर माती, वर पाणी, पाण्यात हायड्रिला या पाणवनस्पतीच्या चार काड्या आणि तीन-चार गोगलगाई. गेल्या श्रावणात झाकणाच्या कडेला मेण ओतून ती बंद केली, त्यानंतर उघडलेली नाही. शेजारच्या काकू येता-जाता विचारतात, "अहो, त्या बिचाऱ्यांना खायला काय घालता?" काहीच घालत नाही. सकाळचं ऊन तेवढं मिळेल अशी जागा दिली आहे.

ही दुसरी बरणी. पहिली आठवडाभरात सडली. तिच्यात मी हात सैल सोडून माती भरली होती, शेणखत मिसळलेली, वर मूठ-दोन मूठ सुका पाचोळा. म्हटलं, खायला भरपूर असलं की सगळे सुखात राहतील. पाचव्या दिवशी पाणी काळं झालं, गोगलगाई तळाला निपचित पडल्या, आणि नवव्या दिवशी झाकण काढलं तर सडक्या अंड्यांचा असा भपकारा आला की गॅलरीचं दार दोन दिवस लावून ठेवावं लागलं. पाचोळ्यातला कार्बन म्हणजे जिवाणूंची मेजवानी. ती खाताना त्यांनी पाण्यातला ऑक्सिजन संपवला. तो संपल्यावर त्याच्याशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचं राज्य आलं, आणि तो वास म्हणजे त्या राज्याची दवंडी. बरणी उपाशी मेली नव्हती. अति खाऊन मेली होती.

हीच चूक तीन एकरांहून मोठ्या काचघरात आणि जगासमोर झाली, तेव्हा तिची इतिहासात नोंद झाली. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात 'बायोस्फिअर 2' नावाची बंद वसाहत उभारली होती. छोटंसं वर्षावन, छोटासा समुद्र, शेती, आणि आत राहायला आठ माणसं. सप्टेंबर 1991 मध्ये दार बंद झालं, ते दोन वर्षांनी उघडायचं होतं. आतल्या हवेतला ऑक्सिजन जवळपास 21 टक्क्यांवरून सोळा महिन्यांत 14 टक्क्यांच्या आसपास आला. चार हजार मीटर उंचीच्या डोंगरावर धाप लागावी तशी अवस्था. शेवटी जानेवारी 1993 मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. कारण माझ्या बरणीतलंच होतं: शेतीची माती सेंद्रिय पदार्थांनी गच्च भरलेली. जिवाणूंनी ती खाल्ली आणि ऑक्सिजन ओढला. पण मग तितकाच कार्बन डायऑक्साइड हवेत वाढायला हवा होता, आणि तो तेवढा वाढलेला दिसेना. शोध घेतल्यावर तो काँक्रीटमध्ये सापडला. आतल्या भिंतींच्या ताज्या काँक्रीटमधला चुना तो वायू शोषून हळूहळू चुनखडी बनत होता. ज्या बांधकामाला कुणी परिसंस्थेचा भाग मानलं नव्हतं, ते हळूच आपला वाटा काढून घेत होतं.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ती वसाहत 'बंद' होती ती हवा, पाणी, माती यांच्यापुरती. ऊन काचेतून येत होतं, आणि शेजारच्या इमारतीत नैसर्गिक वायूवर वीज तयार होऊन आतले पंप आणि थंडाव्याची यंत्रणा चालत होती. ऊर्जेला झाकण नव्हतं. ते घालताच येत नाही.

परिसंस्थेचं मूळ गणित हेच आहे. 'इकोसिस्टिम' हा शब्द टॅन्स्ले या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1935 मध्ये वापरात आणला, आणि 1942 मध्ये लिंडमन नावाच्या तरुण संशोधकाने अमेरिकेतल्या एका तळ्याच्या अभ्यासातून दाखवलं की शेवाळापासून माशापर्यंत प्रत्येक पायरीवर ऊर्जेचा फक्त छोटा हिस्सा पुढे जातो, बाकीची उष्णता होऊन निघून जाते. हा लेख छापून आला तेव्हा लिंडमन हयात नव्हता. त्याने पुरी तिशीही गाठली नव्हती. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर विहिरीवरची मोट आठवा. पाणी वर येतं, पाटाने शेतात जातं, मुरतं, पुन्हा विहिरीत उतरतं. तेच पाणी पुन्हा मोटेत. बैलाने घेतलेले कष्ट मात्र परत विहिरीत उतरत नाहीत. उद्या पुन्हा बैल जुंपावाच लागतो. कार्बन मोटेतल्या पाण्यासारखा फिरतो. ऊर्जा बैलाच्या कष्टांसारखी एकदाच वापरली जाते, आणि आपला बैल म्हणजे सूर्य.

माझी तक्रार अशी आहे की नाशिकमध्ये आपण या दोन्हींची अदलाबदल करून टाकली आहे. जे फिरायला हवं ते आपण वाहून टाकतो. जे वाहून जाणारच आहे ते कुणीतरी परत आणून देईल असं धरून चालतो. आणि सिंहस्थाच्या तयारीत रस्ते, पूल, घाट यांची चर्चा जितकी होते तितकी या हिशेबाची होत नाही.

सुरुवात नदीपासून नको. आधी कांद्याकडे जाऊ, कारण कांद्याचं गणित नाशिक जिल्ह्यात शाळा न शिकलेल्यालाही कळतं.

उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरतात आणि भाव बघत पुढचे चार-पाच महिने काढतात. चाळ जमिनीपासून उचललेली, बाजूच्या पट्ट्यांत फटी ठेवलेल्या, कारण हवा खेळती हवी. निफाडकडच्या माझ्या मावसभावाला मी लहानपणी विचारलं होतं, कांदा पोत्यात बांधून कोपऱ्यात का नाही ठेवत. तो म्हणाला, "अरे, जित्तं असतं ते. कोंडलं की तापतं." शास्त्राच्या पुस्तकात याहून नेमकं वाक्य मला अजून सापडलेलं नाही. काढणीनंतरही कांदा श्वास घेतो. पानांनी उन्हात साठवलेली साखर तो हळूहळू जाळतो; कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर पडते. म्हणूनच ढिगाच्या पोटात हात घातला तर ऊब लागते. ती ऊब म्हणजे रब्बीतलं ऊन. ऑक्टोबरमध्ये चाळ फोडली की शेतकरी 'घट किती?' असं विचारतो. दमट पावसाळ्यात माल तिसऱ्या हिश्शाने कमी झाला तरी कुणाला धक्का बसत नाही. त्या घटीत बरंचसं उडून गेलेलं पाणी असतं, काही सडका माल, आणि उरलेला कांद्याचा श्वास. त्यातला कार्बन हवेत परत गेला. पुढच्या हंगामात एखादं रोप तो पुन्हा पकडेल. ऊब मात्र कायमची गेली. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र 2002 पासून आहे. तिथल्या गॅमा किरणांनी कांद्याला कोंब फुटणं थांबतं, पण त्याचा श्वास थांबत नाही. जिवंत वस्तू साठवायची तर तिच्या जगण्याची किंमत मोजावीच लागते, आणि ती किंमत ऊर्जेतच असते.

हाच शेतकरी मातीच्या बाबतीत मात्र फसतो. खरं तर आपण सगळे मिळून त्याला फसवतो. माती परीक्षणाच्या अहवालात एक रकाना असतो, 'सेंद्रिय कर्ब'. कर्ब म्हणजे कार्बनच. तो अर्ध्या टक्क्याच्या खाली असला की 'कमी' असा शेरा येतो, आणि हा शेरा आपल्याकडे नवा राहिलेला नाही. उष्ण हवेत कुजण्याचा वेग जास्त, नांगरटीने माती उघडी पडते, आणि शेतातून बाहेर गेलेलं परत काही येत नाही. द्राक्षाचं उदाहरण घ्या. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की बागेबाहेर काड्यांचे ढीग लागतात. त्यांना बांधावर काडी लावून मोकळं होणारे बागायतदार अजूनही पुष्कळ आहेत. आणि त्याच बागेत पुढच्या आठवड्यात विकतचं शेणखत ट्रॉलीने येतं. वेलीने वर्षभर उन्हात बसून हवेतून ओढलेला कर्ब अर्ध्या तासात धूर झाला, आणि तोच कर्ब दुसऱ्याच्या गोठ्यातून भाड्यासकट विकत आणला. याला व्यवहार म्हणायचं? काड्या बारीक करून ओळीतच टाकल्या तर कुजायला वेळ लागतो, रोगाची भीती असते, यंत्राचा खर्च असतो, हे सगळं मान्य. पण जाळायलाही खर्च येतो. तो फक्त पावतीवर दिसत नाही.

युरोपात गेलेल्या द्राक्षांचं मला दुःख नाही. द्राक्षात बहुतेक पाणी आणि साखर. साखरेतला कार्बन हवेतून फुकट आलेला, तो रॉटरडॅमच्या ताटात गेला तर जाऊ दे. खरी उणीव पडते ती मातीत राहायला हव्या होत्या त्या कर्बाची. कर्ब कमी झाला की माती पाणी धरत नाही, खत धरत नाही, मग जास्त युरिया. आणि युरिया बनतो नैसर्गिक वायू खर्चून. फिरणारी गोष्ट थांबली की तिची जागा वाहून जाणाऱ्या ऊर्जेने भरून काढावी लागते. ज्याला 'कार्बनचा प्रश्न' म्हणतात त्याचं हे शेतातलं रूप आहे.

आता गंगेवर येऊ. बाहेरच्यांसाठी सांगतो, नाशिकचा माणूस गोदावरीला गंगाच म्हणतो आणि पूर किती आला हे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेवर मोजतो. पुराचं माप आपल्याकडे चांगलं आहे. नदीच्या पोटात किती अन्न गेलं याचं मापही आहे, पण त्याला मारुतीसारखा चेहरा नसल्यामुळे त्यावर कुणी बोलत नाही. त्याचं नाव बीओडी. पाण्याचा नमुना 27 अंशांवर तीन दिवस ठेवायचा आणि आतल्या जिवाणूंनी किती ऑक्सिजन खाल्ला ते बघायचं. साधी गोष्ट. पण ती समजावून सांगताना तज्ज्ञ लोक तिला इतकी कोरडी करतात की ऐकणारा जांभई देतो. म्हणून पेढ्याचा हिशेब करू. एक किलो साखर पूर्ण पचवायला जिवाणूंना एक किलोहून थोडा जास्त ऑक्सिजन लागतो. आपल्याकडच्या हवामानात एक लिटर नदीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो साधारण आठ मिलिग्रॅम. म्हणजे किलोभर साखर नदीत गेली तर सव्वा लाख लिटरहून जास्त पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवण्याची ताकद तिच्यात आहे. नदी वाहते, हवेतून पुन्हा ऑक्सिजन घेते, हे खरं. पण मे महिन्यात वरून पाणी सोडलेलं नसतं तेव्हा होळकर पुलाखाली उभं राहून बघा, किती वाहते ते.

पेढा, पिंडाचा भात, निर्माल्य यांच्यावर बोट ठेवणं सोपं असतं, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. श्रद्धेने सोडलेलं हे सगळं मिळून जेवढं होतं, त्याच्या कैक पट अन्न आपल्या घरांच्या मोऱ्या आणि संडासांतून नदीकडे निघतं. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथली मलजल केंद्रं त्यासाठीच आहेत. ती करतात काय? नदीत जे जिवाणू करणार होते तेच, पण टाकीत आणि वीज घालून. हवा फुंकून ऑक्सिजन द्यायचा म्हणजे पंप आले, पंप म्हणजे वीज. जिथे कुजवण्याचं काम हवेविना होतं तिथे उलटा जमाखर्च होतो, मिथेन मिळतो, आणि तो पकडला तर जळण. म्हणजे तोच मैला आपण वीज खर्चून संपवू शकतो किंवा त्याच्यापासून वीज घेऊ शकतो. आणि जे टाकीतही अडत नाही ते नत्र-स्फुरद पुढे जाऊन पाणवेलींना पोसतं. दरवर्षी पाणवेली काढायला माणसं आणि यंत्रं लावली जातात, काठावर ढीग पडतात, आणि पहिल्या पावसात त्यातला बराचसा भाग पुन्हा पाण्यात. पाणवेल हा आजार नाही. आपण वरून पाठवलेल्या खताची ती पोचपावती आहे.

खाली निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवा संगमावर, नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला. त्याच्यामागे गाळ साचत गेला, बेटं झाली, पाणथळ झाली, पक्षी आले, आणि 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याला मान मिळाला. मला ही गोष्ट फार आवडते, कारण ती आपल्या सरळसोट निष्कर्षांना अडवते. गाळ वाईट, साठणं वाईट, असं म्हणणाऱ्याला तिथे हजारो बदकं गप्प बसवतात. सेंद्रिय पदार्थ येणं हा गुन्हा नाही. तलावाला पचेल त्याहून वेगाने येणं हा प्रश्न आहे. माझ्या पहिल्या आणि दुसऱ्या बरणीत फरक होता तो मुठीचा. नाशिक-मराठवाडा पाणीवाटपात खाली किती पाणी सोडायचं यावर न्यायालयापर्यंत भांडणं जातात. त्या पाण्याबरोबर काय सोडलं जातं, यावर दोन्हीकडचे पुढारी सारखेच शांत.

तपोवनाकडे वळताना जरा जपून बोलायला हवं, कारण इथे मी दोन्ही बाजूंना नावडता होणार आहे. 2025 च्या अखेरीला साधुग्रामासाठी, म्हणजे सिंहस्थात येणाऱ्या साधूंच्या मुक्कामासाठी, तपोवनातली झाडं तोडण्याचा प्रस्ताव आला आणि शहर रस्त्यावर उतरलं. मीही उतरलो होतो. पण तिथल्या फलकांवर जे लिहिलं होतं त्यातलं निम्मं मला पटत नव्हतं. 'झाडं तोडली तर ऑक्सिजन कुठून आणाल?' हे वाक्य ऐकायला जबर आहे, पण चुकीचं आहे. हवेत 21 टक्के ऑक्सिजन आहे, आणि पूर्ण वाढलेलं रान जेवढा ऑक्सिजन दिवसा सोडतं तेवढा त्याच रानातला पाचोळा, मुळं आणि जिवाणू परत घेतात. बरणीत दिवसा बुडबुडे येतात आणि रात्री हिशेब फिटतो, तसंच. ऑक्सिजनच्या नावाने झाड वाचवायला गेलात तर उद्या कुणी हुशार अधिकारी हेच गणित मांडून तुम्हाला गप्प करेल.

कार्बनचा मुद्दाही तितकाच निसरडा. समजा एका मोठ्या झाडाचं कोरडं वजन एक टन आहे. लाकडात निम्मा कार्बन धरला तर त्याच्या आयुष्यभराच्या कमाईत पावणेदोन टनांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड बांधलेला आहे. आता नाशिकजवळच्या एकलहऱ्याकडे बघा. तिथल्या वीज केंद्रात 210 मेगावॉटचे तीन संच आहेत. कोळशाच्या विजेत एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर एक संच पूर्ण क्षमतेने चालताना तासाला दोनशे टन सोडतो. पन्नास-साठ वर्षांच्या झाडाची बचत अर्ध्या मिनिटात संपते. हजार झाडांची नऊ तासांत. मग 'एकाच्या बदल्यात दहा लावू' म्हणणाऱ्यांना हा हिशेब सोयीचा वाटेल. त्यांनी इतकं खूष होऊ नये. दहा रोपं मिळून एका फांदीएवढीही नसतात. ती जगली तर काही दशकांनी आजच्या झाडाच्या तोलाची होतील, आणि आपल्याकडे वृक्षारोपणाचे फोटो जेवढे निघतात तेवढे तिसऱ्या उन्हाळ्यातल्या खड्ड्यांचे निघत नाहीत. शिवाय तोडलेल्या झाडाबरोबर मातीतला कर्बही उघडा पडतो. तो वर दिसत नसल्यामुळे कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

तपोवनातली झाडं राखायची ती ऊर्जेच्या हिशेबावर. एक लिटर पाणी पानांतून उडायला पाऊण युनिटच्या जरा खाली, म्हणजे 0.67 युनिट इतकी उष्णता लागते. एखाद्या मोठ्या झाडाने दिवसाला शंभर लिटर पाणी उडवलं असं धरा. त्याने आसपासच्या हवेतून 67 युनिट उष्णता उचलली. दीड टनाचा एसी बारा-तेरा तास चालवल्यावर खोलीतून एवढी उष्णता बाहेर काढतो, आणि ती गल्लीत ओततो. झाड ती वाफेत बांधून वर पाठवतं, विजेचं बिल न पाठवता. लाखो माणसं काही आठवडे ज्या जागी राहणार, तिथला हा थंडावा काढून टाकायचा आणि मग मंडप, पंखे, जनरेटर लावायचे, याला नियोजन म्हणत नाहीत. साधू-महंतांनी सावली कधी नाकारली आहे असं मी ऐकलेलं नाही. ते स्थळ तप करण्यासाठी निवडलं गेलं तेच झाडांमुळे.

एकलहऱ्याचं नाव निघालंच आहे तर कोळशाबद्दलही बोलू. तिथल्या नोकऱ्या, नाशिकरोडचा बाजार, हे मला कळतं. पण कोळशातला कार्बन हा कांद्याच्या श्वासातल्या कार्बनसारखा नाही, हे समजल्याशिवाय कुठलीच चर्चा पुढे जात नाही. सिंहस्थात येणारा प्रत्येक माणूस दिवसाला साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड श्वासातून सोडेल. त्याची काळजी नको. तो गेल्या हंगामातल्या गव्हा-तांदळातला आहे, पुढच्या हंगामात परत पिकात जाईल. कोळसा मात्र पंचवीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या झाडांची मेण लावून बंद केलेली बरणी आहे. ती उघडली की आतला कार्बन आजच्या फेऱ्यात येऊन पडतो, आणि तो परत बंद करायला आपल्याकडे तितका वेळ नाही. हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत 1958 मध्ये मोजायला सुरुवात झाली तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत 315 च्या आसपास कार्बन डायऑक्साइड होता. आज तो 420 च्या वर आहे. पृथ्वी ही खरोखरच बंद बरणी आहे. आत येतं ते ऊन, बाहेर जाते ती उष्णता, आणि हा वायू जाणाऱ्या उष्णतेची वाट अडवतो.

ऊन तर नाशिकवर दिवसाला चौरस मीटरमागे साधारण पाच युनिट पडतं. पीक त्यातला जेमतेम एक टक्का पकडतं, छतावरचं सौरपॅनल वीस टक्क्यांच्या आसपास. पॅनलला वांगी लागत नाहीत, म्हणून शेत झाकून पॅनल लावू नयेत. पण कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंतची पत्र्याची आणि स्लॅबची छतं रिकामी तापत पडली आहेत, आणि त्यांच्याखाली आपण एसीचं बिल भरतो. ते छत आणि ते बिल एकाच घराचं आहे, एवढंच बघायचं आहे.

आता मूळ मागणी. घंटागाडी नाशिककरांच्या अंगवळणी पडून जमाना झाला. गाणं ऐकू आलं की आपण डबा घेऊन पळतो. पण ओला कचरा म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. ते पाणी आपण डिझेल जाळून गावाबाहेर नेतो. तिथे ते ढिगात हवेविना कुजलं तर मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 28 पट उष्णता अडवतो. जाळायला काढलं तर आधी पाणी सुकवण्यातच उष्णता खर्च होते. कचऱ्यापासून वीज म्हणून जे भट्टीचे आराखडे अधूनमधून डोकं वर काढतात त्यांना हा साधा प्रश्न विचारावा, की ओल्या भेंडीच्या देठांना पेटवणार कसं? उत्तर आपल्याच गावात आहे. विल्होळीजवळ जर्मन सहकार्याने 2017 मध्ये एक प्रकल्प उभा राहिला: हॉटेलांतलं उरलेलं अन्न आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला एकत्र कुजवायचा, वायूपासून वीज काढायची आणि उरलेलं खत शेतात. फिरणारं फिरत राहिलं, वाहून जाणारं जाता जाता कामाला आलं. शास्त्र एवढंच आहे, आणि त्याला आता प्रयोग म्हणायचीही गरज नाही.

सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. 2003 आणि 2015 चे अनुभव गाठीशी आहेत. बाहेरून धान्य, भाजी, तूप, साखर, फुलं यांचे ट्रक येतील, आणि माणसं परत जाताना त्यातलं फार थोडं बरोबर नेतील. उरलेला सगळा कार्बन इथेच राहणार, मातीत, नदीत किंवा हवेत. चौथी जागा नाही. म्हणून मला असं वाटतं की साधुग्रामाच्या आराखड्यात जितकी पानं मंडपांना आणि रस्त्यांना आहेत, त्यातली दोन तरी या प्रश्नाला द्यावीत: प्रत्येक भंडाऱ्याचं उष्टं किती तासांत आणि कुठल्या टाकीत जाणार, शौचालयांचा मैला कुठल्या केंद्राला, आणि त्या केंद्राची त्या आठवड्यातली ऐपत किती, तयार झालेलं खत कुठल्या तालुक्यातल्या कुठल्या बागायतदारांनी उचलायचं, आणि त्यांच्याशी बोलणं आत्ताच का झालेलं नाही. निविदा काढताना 'विल्हेवाट' हा शब्द खोडला तरी पुष्कळ काम होईल. बरणीत विल्हेवाट लावायला जागा नसते.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो मांडणारे काही मूर्ख नाहीत. ते म्हणतात, काही आठवड्यांच्या गर्दीसाठी कायमची यंत्रणा उभारली तर नंतर ती पडून राहील. त्यापेक्षा तात्पुरतं काहीतरी करा आणि निभावून न्या. आपल्याकडे मेळ्यांसाठी बांधलेल्या वास्तू नंतर ओस पडतात, यात खोटं काही नाही. पण कुजवण्याची टाकी ही स्टेडियमसारखी नसते. शहराचं रोजचं उष्टं तिला बारा महिने पुरेल, आणि खताची मागणी दिंडोरी-निफाडच्या बागांमधून दर छाटणीला येईल. तात्पुरतं म्हणून जे काँक्रीट आपण याआधी गोदापात्रात ओतलं, ते काढण्यासाठी मात्र पुढची कित्येक वर्षं अर्ज आणि सुनावण्या चालल्या. तात्पुरतं काय आणि कायमचं काय, याबाबत आपला अंदाज आजवर फारसा बरोबर आलेला नाही.

काल संध्याकाळी काकू पुन्हा आल्या होत्या. बरणीत काचेला चिकटलेली इवलीशी पिल्लं त्यांनीच आधी पाहिली, मोहरीएवढी, सात-आठ. "आता तरी काहीतरी घाला हो," म्हणाल्या, "खाणारी तोंडं वाढली." मी बरणी जरा उन्हाकडे सरकवली.